सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गोल्फ कोर्स नेमका कुठे आहे?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमध्ये. सेंट अँड्र्यूज हे विद्यापीठाचं जुनं, छोटं शहर. पहिला टी (होलचा पहिला फटका मारण्याची जागा) आणि अठरावं ग्रीन (होलच्या शेवटी झेंडा आणि खड्डा असलेला आखूड गवताचा भाग) अगदी शहराच्या कुशीत आहेत. तिथून कोर्स ईडन नदीच्या मुखाकडे जातो, टोकाला वळसा घेतो आणि त्याच पट्ट्यातून परत येतो. वरून पाहिलं तर आकार मेंढपाळाच्या आकडीच्या काठीसारखा दिसतो.

इथे गोल्फ कधीपासून खेळतात?

पंधराव्या शतकापासून तरी नक्कीच. १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून यातच रमू लागले होते. ही बंदी पुढे १४७१ आणि १४९१ मध्ये पुन्हा घालावी लागली, म्हणजे ती कितपत पाळली गेली हे उघड आहे. १५०२ मध्ये तर खुद्द चौथ्या जेम्सनेच पर्थच्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या घेतल्या.

सेंट अँड्र्यूजसाठी खरं महत्त्वाचं साल १५५२. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर, म्हणजे समुद्रालगतच्या या वाळूच्या माळावर, ससे पाळायचे होते. त्या सनदेत त्यांनी या जमिनीवर गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. ही जमीन सगळ्यांची आहे, हे तेव्हा कागदावर आलं. ओल्ड कोर्सचा पुढचा सगळा इतिहास मला या कागदाचाच विस्तार वाटतो.

मग सशांवरून भांडण झालं ते कधीचं?

ते अडीचशे वर्षांनंतरचं. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली होती आणि तिने लिंक्स हातची सोडली. जमीन व्यापारी ससेपालकांकडे गेली. ससे बिळं उकरत, खेळाडू संतापत आणि प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चालत राही. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. दुसऱ्या होलवरचा चीप्स बंकर (बंकर म्हणजे चेंडू अडकवणारा वाळूचा खड्डा) त्यांच्या घराण्याचं नाव सांगतो.

ओल्ड कोर्सचा आराखडा कोणी केला?

कोणा एकाने नाही. मागे हटलेल्या समुद्राने वाळूचे उंचवटे आणि खळगे ठेवले. त्यावर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक, चिवट गवत उगवलं. सशांनी आणि मेंढ्यांनी ते कुरतडून आखूड ठेवलं. वारा चुकवायला मेंढ्या ज्या आडोशाला बसत तिथली माती उघडी पडून बंकर झाले, असं परंपरेने सांगतात. खेळाडू गॉर्सच्या काटेरी झुडपांमधून जो मार्ग सापडेल त्याने खेळत गेले.

माणसाचा हात लागला तो एकोणिसाव्या शतकात. अ‍ॅलन रॉबर्टसन हे पहिले व्यावसायिक गोल्फपटू मानले जातात. १८५८ मध्ये इथे ७९ फटक्यांची फेरी करून ८० चा अडसर मोडणारेही तेच पहिले. कोर्स रुंद करण्याचं आणि सतराव्या ग्रीनला आजचं रूप देण्याचं श्रेय त्यांना जातं. त्यांच्यानंतर ओल्ड टॉम मॉरिस. ते इथेच १८२१ मध्ये जन्मले, १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेले आणि १८६० च्या दशकाच्या मध्यात कोर्सची देखभाल करायला परत आले. १९०३ पर्यंत त्यांनी हे काम केलं. पहिलं आणि अठरावं ग्रीन त्यांनी घडवलं, बंकर आवरले, ग्रीनवर वाळू पसरून गवत सुधारलं. अठराव्या होलला आज त्यांचंच नाव आहे.

पुढे कोर्सचे आराखडे करणारे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी या कोर्सचं बारकाईने मोजमाप केलं आणि त्यांचा १९२४ चा नकाशा आजही अभ्यासला जातो. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हा कोर्स उभारला, त्यातली रुंदी आणि कोनांचा विचार इथूनच गेला. ज्या कोर्सला शिल्पकार नाही, त्याच्याकडून जगभरचे शिल्पकार शिकले.

गोल्फमध्ये अठराच होल का?

कारण सेंट अँड्र्यूजने तसं ठरवलं. आधी इथे २२ होलची फेरी असे. तीच ग्रीनं जाताना आणि येताना वापरली जात. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले. ते दोन्ही दिशांनी खेळले जात असल्याने फेरीतून एकदम चार होल कमी झाले आणि १८ उरले. इथल्या रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबचं वजन वाढत गेलं तसा हा आकडा सगळीकडे पोचला.

दोन होलना मिळून एक ग्रीन, हा काय प्रकार आहे?

जाणारे आणि येणारे खेळाडू एकाच होलकडे निघाले की खोळंबा होई. गर्दी वाढल्यावर ग्रीनं मोठी करून प्रत्येकावर दोन होल काढले. आज अशी सात जोडग्रीनं आहेत. फक्त १, ९, १७ आणि १८ या होलना स्वतंत्र ग्रीन आहे. जोड्या पाहा: २ आणि १६, ३ आणि १५, ४ आणि १४, ५ आणि १३, ६ आणि १२, ७ आणि ११, ८ आणि १०. प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते. जातानाच्या होलवर पांढरे झेंडे, येतानाच्या होलवर लाल.

खेळताना याचा अर्थ एवढाच की ग्रीन गाठलं म्हणून काम झालं असं नाही. भलत्या टोकाला चेंडू थांबला तर शंभर फुटांहून लांब पट (ग्रीनवर चेंडू लोळवण्याचा फटका) वाट्याला येतो आणि मधल्या चढउतारांवर तीन पट सहज जातात.

कोर्स पूर्वी उलटा खेळला जायचा हे खरं का?

हो. आज आपण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळतो. पूर्वी काट्यांच्या दिशेने, म्हणजे पहिल्या टीवरून सतराव्या ग्रीनकडे असा क्रम होता. १८७० च्या सुमारास ओल्ड टॉम यांनी पहिल्या होलचं वेगळं ग्रीन केलं, त्यानंतर दोन्ही दिशा आलटून-पालटून वापरात राहिल्या आणि हळूहळू आजची दिशा कायम झाली.

ही नुसती गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. बाराव्या टीवर उभे राहा: समोर मोकळं मैदान दिसतं, एकही बंकर नाही. हिरवळ पार करून ग्रीनवर गेलात आणि मागे वळून पाहिलंत की फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध बंकरांची तोंडं उघडी दिसतात. ते उलट दिशेने येणाऱ्यासाठी होते.

एकूण बंकर किती, आणि त्यांची नावं अशी का?

११२. बहुतेकांच्या भिंती गवताच्या चपट्या लाद्या एकावर एक रचून केलेल्या, जवळजवळ उभ्या असतात. काही इतके लहान की आत खेळाडू आणि त्याची काठी यांना जेमतेम जागा. नावं लोकांनी दिली, त्यामुळे त्यात गावाची बोली आहे: हेल, कॉफिन्स, लायन्स माउथ, प्रिन्सिपल्स नोज, स्पेक्टॅकल्स, बिअर्डीज. जिंजर बिअर हे चौथ्या होलचं नाव.

फेअरवे एवढे रुंद आहेत, मग अवघड काय आहे?

ओल्ड कोर्सबद्दल सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. पहिल्या आणि अठराव्या होलचा सामायिक फेअरवे सुमारे १२९ यार्ड रुंद आहे. चेंडू हरवणं अवघड. पण इथे प्रश्न चेंडू फेअरवेवर आहे का हा नसतो, तो कुठून पुढचा फटका मारणार आहे हा असतो.

कोर्स घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून जाताना आणि येतानाही डावीकडे शेजारचा फेअरवे, म्हणजे मोकळी जागा असते. धोका उजवीकडे: जाताना गॉर्स, येताना कुंपण, भिंत, जुन्या रेल्वेची हद्द, हॉटेल, रस्ता. नवखा खेळाडू डावीकडे सुरक्षित मारतो आणि सुटलो म्हणून पुढे जातो. तिथून ग्रीन पाहिलं की कळतं, झेंडा एखाद्या बंकरामागे लपलाय, किंवा ग्रीन आपल्यापासून दूर उतरतंय आणि चेंडू थांबणार नाही. तीच जागा उजवीकडून, धोक्याच्या कडेने पाहिली तर दार उघडं असतं.

म्हणून होल उलटा वाचायचा. आधी झेंडा कुठे आहे ते पाहा. मग त्याच्याकडे कोणत्या बाजूने जाता येतं ते ठरवा. तिथून मागे येत ड्राइव्हची, म्हणजे टीवरच्या पहिल्या फटक्याची, जागा काढा. आणि झेंडे रोज हलत असल्याने कालची योग्य जागा आज चुकीची असू शकते. माझ्या मते यापेक्षा चांगली रचना गोल्फमध्ये नाही: ती कमी ताकदीच्या खेळाडूला हाकलून देत नाही आणि निष्णात खेळाडूलाही दर फटक्याला विचार करायला लावते.

पहिल्यांदाच खेळतोय. डावीकडेच मारत राहू का?

टीवरून, हो. शंका असेल तिथे डावीकडे. पण दुसऱ्या फटक्यात थेट झेंड्याचा मोह सोडा. जमीन टणक आहे, चेंडू हवेत कमी आणि जमिनीवर जास्त राहू द्या. ग्रीनच्या बाहेर तीस यार्डांवर असाल तरी वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढण्याआधी पटरचा (चेंडू लोळवणाऱ्या काठीचा) विचार करा. आखूड, टणक गवतावर वाईट पटदेखील बहुतेक वेळा वाईट चिपपेक्षा, म्हणजे उचलून मारलेल्या छोट्या फटक्यापेक्षा, जवळ जातो.

बंकरात गेलात तर पहिला विचार बाहेर पडण्याचा. कधी कधी त्याचा अर्थ बाजूला किंवा मागे मारणं असा होतो. १९९५ च्या ओपन या मानाच्या स्पर्धेत जॅक निकलाऊस चौदाव्या होलवर हेल बंकरात अडकले, बाहेर यायला त्यांना चार फटके लागले आणि होलवर १० लागले. निकलाऊस यांनी तोवर याच कोर्सवर दोन वेळा ओपन जिंकलं होतं.

पहिल्या होलवर काय सांभाळायचं?

ओढा. स्विल्कन बर्न ग्रीनच्या अगदी अलीकडून वाहतो. ड्राइव्हसाठी जागा भरपूर आहे, पण दुसऱ्या फटक्याला एक क्लब जास्त, म्हणजे थोडी लांब मारणारी काठी, घ्या. ग्रीनच्या मागे गेलेला चेंडू खेळता येतो.

स्कोअर कुठे कमवायचा?

सातव्यापासून अकराव्यापर्यंतच्या वळणात, ज्याला ‘लूप’ म्हणतात. इथे कोर्सवरचे दोन्ही तीन पारचे होल आहेत (पार म्हणजे होलसाठी अपेक्षित फटके), आठवा आणि अकरावा. नववा आणि दहावा आखूड चार पारचे आहेत. वारा साथ देत असेल तर इथे बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मिळतात. सातवा आणि अकरावा एकमेकांना छेदतात, तेव्हा समोरून येणाऱ्यांकडे लक्ष असू द्या.

अकरावा मात्र आखूड असूनही सोपा नाही. पुढे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर आणि मागून पुढे उतरणारं तीव्र ग्रीन, त्यात ईडनवरून येणारा वारा. चेंडू होलच्या खाली ठेवणं हाच इथला नियम. १९२१ मध्ये तरुण बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत या होलवर बंकरात वैतागले आणि त्यांनी स्पर्धाच सोडून दिली. याच माणसाने १९२७ मध्ये इथे ओपन आणि १९३० मध्ये अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. १९५८ मध्ये शहराने त्यांना मानद नागरिकत्व दिलं. हा मान त्यांच्याआधी एकाच अमेरिकन माणसाला, बेंजामिन फ्रँकलिन यांना, १७५९ मध्ये मिळाला होता. दहावा होल आता जोन्स यांच्या नावाचा आहे.

चौदावा होल कसा खेळावा?

पाच पार, कोर्समधला सर्वांत लांब. उजवीकडे दगडी भिंत आणि तिच्यापलीकडे हद्द संपते. डावीकडे बिअर्डीज बंकर. दोन्हींच्या मध्ये एलिसियन फील्ड्स हा सपाट पट्टा, तिथे ड्राइव्ह पडायला हवा. दुसऱ्या फटक्यासमोर हेल. ते पार करण्याची ताकद नसेल तर लाज बाळगू नका, डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर खेळा. ग्रीन पुढून उंच होऊन मागे उतरतं, म्हणून तिसरा फटका उंच टाकण्यापेक्षा जमिनीवरून चढवलेला बरा.

सतराव्याची, रोड होलची, एवढी भीती का?

कारण इथे प्रत्येक फटक्याला किंमत आहे. चार पार, २०१० पासून ओपनसाठी ४९५ यार्ड. ड्राइव्ह हॉटेलशेजारच्या शेडच्या कोपऱ्यावरून, आंधळा. जिथे आज शेड आहेत तो रेल्वेचा भाग होता. जेवढं उजवीकडे धाडस कराल तेवढा पुढचा कोन चांगला. डावीकडे गेलात तर ग्रीन आडवं, चिंचोळं दिसतं आणि मध्ये रोड बंकर येतो.

हा बंकर पाहताना त्याचा आकार फसवतो. तोंड लहान, पण आजूबाजूची जमीन अशी उतरते की दूरचा चेंडूही आत ओढला जातो. १९७८ मध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा तिसऱ्या फेरीत ग्रीनवर होते. त्यांचा पट उतारावरून घसरला आणि बंकरात गेला. होल संपेपर्यंत नऊ फटके झाले होते. २००० मध्ये डेव्हिड डुव्हल यांनी शेवटच्या फेरीत बाहेर पडायला चार फटके घेतले. त्याच वर्षी टायगर वुड्स चारही फेऱ्यांत एकाही बंकरात गेले नाहीत आणि आठ फटक्यांनी जिंकले.

बंकर टाळण्यासाठी जास्त लांब मारलं तर मागे रस्ता आणि भिंत. रस्ता हा कोर्सचाच भाग, चेंडू पडला तिथून खेळायचा, मोफत सुटका नाही. १९८४ मध्ये टॉम वॉट्सन यांचा लांब आयर्नचा (लोखंडी काठीचा) फटका ग्रीन ओलांडून भिंतीजवळ गेला. त्याच वेळी पुढे अठराव्यावर सेव्हे बायेस्तेरोस यांनी बर्डी केली आणि ओपन वॉट्सन यांच्या हातून सुटली. २०१० मध्ये मिगेल आंखेल हिमेनेथ यांना ग्रीनकडे पाहून मारायला जागाच नव्हती, तेव्हा त्यांनी चेंडू उलट भिंतीवर मारला आणि तो उसळून ग्रीनवर आला.

साधारण खेळाडूसाठी माझा सल्ला: दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचंच नाही. ग्रीनच्या अलीकडेच, उजव्या बाजूला थांबा, तिथून चेंडू लोळवत न्या आणि पाच झाले तर समाधानाने पुढे चला. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथ यांच्या आणि झेंड्याच्या मध्ये हाच बंकर होता. त्यांनी उचलून मारण्याऐवजी पटर घेतला, बंकराला वळसा घालून चेंडू उतारावर चढवला आणि पार वाचवला. ते एका फटक्याने जिंकले.

व्हॅली ऑफ सिन म्हणजे काय?

अठराव्या ग्रीनच्या पुढच्या डाव्या बाजूचा खोलगट भाग. कमी पडलेला चेंडू त्यात परत येतो. १९९५ मध्ये कोस्टांटिनो रोक्का यांनी शेवटच्या होलवर इथूनच लांबलचक पट आत घातला आणि जॉन डेली यांना प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडण्याच्या जादा खेळापर्यंत, नेलं. प्लेऑफमध्ये ते रोड बंकरात अडकले आणि डेली जिंकले.

अठरावा तसा सोपा होल आहे. ड्राइव्ह क्लबहाउसच्या घड्याळाच्या रोखाने मारतात, उजवीकडे हद्द आहे. मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा सार्वजनिक रस्ता जातो, लोक ये-जा करत असतात. पण सोप्या होलवर दडपण वेगळं असतं. १९७० मध्ये डग सँडर्स यांचा जेमतेम तीन फुटांचा पट हुकला, दुसऱ्या दिवशी १८ होलच्या प्लेऑफमध्ये निकलाऊस एका फटक्याने जिंकले.

स्विल्कन पूल किती जुना आहे?

किमान सातशे वर्षांचा मानतात. मेंढपाळांना गुरं-मेंढरं ओढ्यापार नेण्यासाठी तो बांधला होता, गोल्फसाठी नव्हे. निकलाऊस यांनी २००५ मध्ये ओपनचा निरोप इथेच घेतला. २०२३ च्या सुरुवातीला पुलापाशी फरसबंदी केली तेव्हा जगभरातून एवढा विरोध झाला की काही दिवसांतच ती काढून टाकली. विरोध रास्त होता असं मला वाटतं.

हा कोर्स रॉयल अँड एन्शंट क्लबचा आहे ना?

नाही. १७५४ मध्ये २२ सरदार-गृहस्थांनी सुरू केलेल्या संस्थेला १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमने हे नाव दिलं. १८५४ चं त्यांचं क्लबहाउस पहिल्या टीच्या मागे आहे, त्यामुळे गैरसमज होतो. जमीन सार्वजनिक आहे. १८९४ च्या कायद्याने ती शहराकडे परत आली आणि १९७४ पासून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ती सांभाळतो. रविवारी खेळ बंद असतो, ओपनसारखे मोजके अपवाद सोडून. त्या दिवशी लोक कुत्री घेऊन फेअरवेवर फिरायला येतात.

स्त्रियांचं इथे काय स्थान होतं?

१८६७ मध्ये स्त्रियांचा पटिंग क्लब निघाला आणि त्यांचं ‘हिमालयाज’ हे उंचसखल मैदान आजही कोर्सशेजारी आहे. रॉयल अँड एन्शंटने मात्र स्त्रियांना सभासदत्व दिलं ते २०१४ मध्ये, फार उशिरा. स्त्रियांची ओपन स्पर्धा ओल्ड कोर्सवर २००७ मध्ये लोरेना ओचोआ, २०१३ मध्ये स्टेसी लुइस आणि २०२४ मध्ये लिडिया को यांनी जिंकली.

आजच्या लांब फटक्यांपुढे ओल्ड कोर्स जुना झालाय का?

वारा पडलेल्या दिवशी, हो, स्कोअर खूप खाली येतात. २०२२ मध्ये स्मिथ यांनी २० अंडर पार केले. उपाय म्हणून टी मागे नेत नेत ओपनची लांबी ७,३१३ यार्डांवर गेली. मला हा मार्ग पटत नाही. या कोर्सची ताकद लांबीत नव्हतीच, ती टणक जमिनीत, वाऱ्यात आणि झेंड्यांच्या जागांत आहे. जमीन कोरडी राहू दिली की तीनशे यार्डांचा ड्राइव्हसुद्धा चुकीच्या कोनात जाऊन बसतो.

बाहेरच्या माणसाला खेळायला मिळतं का? कॅडी घ्यावा का?

मिळतं. आगाऊ नोंदणी करता येते. त्याशिवाय दोन दिवस आधी टी टाइमची, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या वेळेची, सोडत निघते, त्यात नाव टाकता येतं. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो. नियम बदलत असतात, ते ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा आणि कुठे मारायचं ते सांगणारा सोबती, जरूर घ्या. अर्ध्या फटक्यांना काय टाळायचं ते टीवरून दिसतच नाही. टोनी लेमा १९६४ च्या ओपनसाठी आले तेव्हा त्यांना पुरत्या दोन सराव फेऱ्याही मिळाल्या नव्हत्या. त्यांनी इथल्याच टिप अँडरसन या कॅडीच्या सांगण्यावर विसंबून मारलं, जिथे दाखवलं तिथेच, आणि निकलाऊस यांना पाच फटक्यांनी मागे टाकलं.